बोटीला मारलेलं पाणी

वाशीम जिल्ह्यात मी शिडाची बोट बनवली, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग पाणी कुठं आहे ते विचारतो. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. नदी म्हणावी तर पावसाळ्यापुरती. धरणात मे महिन्यात गुरं पार मधोमध जाऊन चरतात. तरीही मी बोट बनवली, आणि ती बुडाली नाही. बुडाली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. बुडालेल्या बोटीबद्दल लोक दोन दिवस बोलतात आणि मग विसरतात.

किन्हीराजाच्या अलीकडे आमचं भाजीचं वावर आहे. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. हे सगळं बाबांचं. मी मात्र बारावीनंतर जो कोकणात गेलो, तो तिथल्या एका बोटी बनवायच्या कारखान्यातच अडकलो. तिथं शर्यतीच्या बोटी व्हायच्या, फायबरच्या. पहिलं वर्ष मी फक्त पेपर मारला. पाण्याचा पेपर घेऊन साचा घासत बसायचं, आपला चेहरा दिसेपर्यंत. पुढं ओलं काम, म्हणजे काचेच्या कापडावर रेझिन हा चिकट रस मारायचं, हातात आलं, आणि ते मला जमलं. माझ्या हातून रेझिनचा पसारा व्हायचा नाही, थरात हवेचा बुडबुडा राहायचा नाही. आयुष्यात मला एवढी एकच गोष्ट नीट करता येते. बाकी सगळीकडे मी बऱ्यापैकी गबाळा आहे, बायकोला विचारा.

कारखाना बंद पडला आणि मी गावी आलो. वाशीमला एका शेडमध्ये संडासाचे दरवाजे आणि टाक्यांची झाकणं बनवायला लागलो. तेही फायबरच, पण त्यात मन लावायला काही नसतं. जाड थर मारा, वर रंग फासा, गाडीत भरा. दोन वर्षं अशी गेल्यावर नागपूरकडच्या एका तलावावर मुलांना शीड शिकवणाऱ्या क्लबच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. कारखान्यात त्या नेहमी यायच्या, माझं काम त्यांनी पाहिलं होतं. त्यांना एका माणसानं चालवायच्या, शिकाऊ पण शर्यतीत उतरतील अशा बोटी हव्या होत्या. म्हणाल्या, एक बनवून आण. आमच्या तलावावर पास झाली तर पुढच्या सगळ्या बोटी तुझ्याकडून घेऊ. मला दुसरं काही नको होतं. ती बोट पास झाली की मी माझ्या वावरात, माझ्या टिनाच्या शेडमध्ये बसून जन्मभर तेच काम करणार होतो, आणि दरवाज्यांचं तोंड पुन्हा पाहावं लागणार नव्हतं.

शर्यतीच्या बोटीचं सगळं मर्म वजनात असतं. हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप समजतं. पुढचं टोक सुरीसारखं अरुंद, म्हणजे लाट कापली जाते. मागचा भाग रुंद आणि तळाशी सपाट, कारण वारा चांगला मिळाला की ही बोट पाणी कापणं सोडून देते आणि पाण्याच्या वर उठून घसरत पळते. त्यासाठी तर सगळा खटाटोप. बोट जड असली की ती उठत नाही, कितीही वारा असू द्या. मधोमध तळाला एक लांब फट असते, तिच्यातून एक पाती खाली पाण्यात सोडतात. ती नसली तर वारा बोटीला आडवी ढकलत नेतो. दोन्ही बाजूंना बंद पोकळ कप्पे, म्हणजे उलटली तरी बुडत नाही, आणि आत आलेलं पाणी मागच्या भोकातून आपोआप निघून जातं. मुलगा बाहेर लटकून तोल सांभाळतो, त्याचे पाय अडकवायला पट्टे. सुकाणू असं की उथळ पाण्यात आपटलं तर मोडायच्या ऐवजी वर उचललं जातं.

आणि हे सगळं हलकं राहून मजबूत व्हावं म्हणून मध्ये फोम घालतात. काचेच्या कापडाचा एक पातळ थर, त्यावर बोटाएवढा जाड फोम, त्यावर पुन्हा एक पातळ थर. पातळ थर एकटा लवतो, फोम एकटा तुटतो, पण तिन्ही एकजीव झाले की त्यावर उभं राहून नाचा. फोमची पाटी गोलाईत वाकावी म्हणून तिला चौकटी-चौकटीच्या खाचा पाडलेल्या असतात. या खाचा लक्षात ठेवा, कारण माझं नशीब त्यांच्यातच जिरलं.

ज्याच्या आत थर मारत बोट घडवायची, तो साचा तयार करायलाच माझा हिवाळा गेला. आसेगावचा एक सुतार सांगाडा करून देऊन गेला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की ही कुठल्यातरी महाराजांच्या मिरवणुकीची पालखी आहे. गावात कुणी म्हणालं गुरांना पाणी पाजायची डोणी आहे, कुणी म्हणालं हळद शिजवायची नव्या प्रकारची कढई. बाबा कुणाला काही सांगत नव्हते. संध्याकाळी वावरातून आले की शेडच्या दाराशी उकिडवे बसायचे आणि बघायचे. काचेच्या मॅटला ते कापूस म्हणायचे. त्या कापसानं अंग खाजतं, याचं त्यांना फार नवल वाटायचं. एकदा त्यांनी बाहेरचा थर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तो लवला तसा हात मागं घेतला.

"इतकं पातळ?" ते म्हणाले. "एखाद्या ढोरानं पाय देल्ला तं आरपार जाईन."

मी त्यांना फोमचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण बाबांची मान डोलावण्याची एक पद्धत आहे, तिचा अर्थ पटलं असा नसतो, तू म्हणतोस तर असेल असा असतो. मजबुतीबद्दल त्यांच्या मनात एक जुनी जखम होती. आमच्या घराचा स्लॅब टाकला त्या उन्हाळ्यात विहीर आटली होती आणि सिमेंट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबला मारायला पाणीच नव्हतं. जे होतं ते गुरांना आणि माणसांना. तो स्लॅब पहिल्या पावसाळ्यातच गळायला लागला, तोही बरोबर बाबांच्या खाटेवर. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला होता की पाणी मारलं नाही, आता माझ्याकडं बोट दाखवू नका. तेव्हापासून दर पावसाळ्यात बाबा खाट सरकवतात आणि गळतीखाली गंज, म्हणजे पातेलं, मांडतात.

मे महिन्यात मी शेवटचा आतला थर मारला. आमच्याकडच्या मे महिन्यात फायबरचं काम करणं म्हणजे वेडेपणाच, रेझिन मगात ढवळता ढवळता मुरंब्यासारखं घट्ट होतं. म्हणून पहाटे हात घालायचा आणि ऊन चढायच्या आत उरकायचं. बायको कात्रीनं मॅट कापून देत होती, मी रोलर फिरवत होतो. काम इतकं सुरेख झालं की मी स्वतःच दोन-तीनदा बाहेर जाऊन पुन्हा आत येऊन पाहिलं. फोमच्या काठावरच्या कडा आणि मधल्या फटीच्या कडा तेवढ्या बंद करायच्या राहिल्या होत्या. पण रेझिन घट्ट करणारं हार्डनर संपलं होतं, आणि त्याच दिवशी नागपूरला निघायचं होतं. क्लबकडून जुनी डोलकाठी आणि शीड मिळणार होतं, आणि त्यांच्या बोटींची मापं तिथंच बसून घ्यायची होती. येताना हार्डनर आणू, मग कडा बंद करू, असं ठरवलं. निघताना बाबांना सांगितलं की हाताला घट्ट लागलं तरी आतून पक्कं व्हायला चार-पाच दिवस लागतील, लक्ष ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर कुत्री होती, आणि गावातली रिकामटेकडी माणसं.

परत आलो तेव्हा डोलकाठी पिकअपवर बांधलेली होती आणि मी खुशीत होतो. वावराच्या कडेनं येताना मेथीचे वाफे पिवळे पडलेले दिसले. सांबार तर जवळजवळ बसलाच होता. पोहरादेवीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं रस्त्यावर थांबून भाजी घेतात, त्यांच्यासाठी राखलेले वाफे होते ते. मला वाटलं मोटार जळाली असेल. शेडकडे वळलो तर दारातून बाहेर चिखल आलेला.

बाबा पाइप धरून उभे होते. साच्यात, म्हणजे माझ्या बोटीत, पाणी भरलेलं होतं, पोटरीभर. काठांवर ओली पोती नीट अंथरलेली. मधली फट त्यांनी काळ्या मातीच्या चिखलानं लिंपून घेतली होती, इतकी सफाईनं की थेंब बाहेर जाऊ नये. मागचं भोकही तसंच. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, तसं. सकाळ-संध्याकाळ ते पाणी बदलत होते. विहिरीत जेवढं यायचं तेवढं सगळं इकडं वळवलं होतं.

"घराच्या स्लॅपले पाणी कमी पडलं होतं," ते म्हणाले. "याले म्या कमी नाई पडू देल्लं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बाबा हसणारे नाहीत. ते हसतही नव्हते, पण त्यांचं जुनं काहीतरी फिटलं होतं, एवढं दिसत होतं. मला राग आला नाही म्हणालो तर खोटं ठरेल. इतका राग आला की पाइप हिसकून फेकावा आणि मोठ्यानं ओरडावं, असं वाटलं. पण मागं ते पिवळे वाफे होते. मी घमेलं घेतलं आणि पाणी उपसायला लागलो. बाबांना वाटलं मुदत भरली म्हणून उपसतो आहे.

"झालं का पक्कं?"

"झालं," मी म्हणालो.

पाणी निघाल्यावर आतला थर दिसला, दुधाळ पांढरा, हाताला चिकट. कच्चं रेझिन पाण्याखाली गेलं की पुरतं घट्ट होत नाही, मेलेलं राहतं. पण ते वरवरचं झालं. मी खिशातलं नाणं काढून तळाला ठिकठिकाणी वाजवून पाहिलं. चांगला थर टणक वाजतो. हा भदभद वाजत होता. उघड्या कडांमधून पाणी फोमच्या खाचांत शिरलं होतं आणि त्या बारीक पाटांमधून पार टोकापर्यंत पोचलं होतं. बाबांनी आयुष्यभर पाणी असंच शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचवलं आहे. आणि एवढ्या पाण्याच्या भारानं साच्याचा एक पाय ओल्या जमिनीत खचला होता. साचा आणि त्यातली बोट दोन्ही पिळले गेले होते, म्हणजे साच्यातून दुसरी बोट काढायचीही सोय उरली नाही.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मले वाटलं तुमीच सांगून गेले." तिचीही चूक नव्हती. आमच्या गावात पक्कं व्हायला ठेवलेल्या वस्तूला पाणी मारतात, हे लहान मुलालाही माहीत आहे.

त्यानंतर मी आतून बारीक भोकं पाडली. भोकातून थेंब यायचे, पुसायचो, पुन्हा यायचे. भर उन्हात बोट पालथी घातली, बल्ब लावून शेकली, आमच्या इकडच्या मालेगावच्या अडतीवर नेऊन काट्यावर चढवली. आठवडाभर वाळवून पुन्हा नेली, तर काटा जवळजवळ तिथंच. ठरलेल्या वजनाच्या ती कितीतरी वर होती. नवा फोम माझ्याजवळ नव्हता, होता तो बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला शेवटचा होता. भोकं बुजवली, आतून पुन्हा एक थर मारला, वर डेक बसवला, पांढरा रंग दिला. दिसायला फार देखणी झाली. मी ती का पुरी केली, ते मला सांगता येत नाही. नाही करत म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि बाबा रोज दाराशी बसून होते.

तलाव भरल्यावर समृद्धी महामार्गानं बोट घेऊन गेलो. बाबांनी धुवट धोतर नेसलं होतं, ते येणारच म्हणाले. काठावर प्रशिक्षक बाईंनी एका मुलाबरोबर पुढचं टोक उचलून पाहिलं आणि माझ्याकडं एक नजर टाकली. मला तिथंच सगळं समजलं, तरी त्या शीड चढवून आत गेल्या, हे त्यांचं मोठेपण. वारा चांगला होता. क्लबच्या जुन्या बोटी तिच्या बाजूनं उठून घसरत निघून गेल्या. माझी पाणी कापत राहिली आणि सारखी डावीकडं ओढत राहिली. सुकाणू सरळ धरायला बाईंना पूर्ण अंग लावावं लागत होतं. एकदा मोठी झुळूक आली, पुढचं टोक जरासं वर आलं. मग ते खाली बसलं. मी इतकी वर्षं बोटी पाण्यावर उठताना पाहिल्या होत्या, त्यामुळं न उठलेली बोट ओळखायला मला कुणाची गरज नव्हती.

बाई परत आल्या. जड आहे, एवढं म्हणाल्या, आणि पिळली आहे का, असं विचारलं. मी हो म्हणालो. बाबा बोटीच्या आत वाकून हात फिरवत होते. हात कोरडा आला. ते बाईंकडं वळले.

"एक थेंब आत नाई आला, मॅडम. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं म्या त्याले, सोताच्या हातानं. चार-पाच दिवस भरून ठुलं."

"पाणी?" बाई म्हणाल्या. "अहो काका, फायबरला पाणी नसतं मारायचं. ओलं असताना पाणी लागलं तर ते सगळं…"

त्या थांबल्या, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाबांनी बोटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी धोतराला हात पुसला, कोरडा होता तरी. पुढं बाई खूप चांगलं बोलल्या, डेकचं काम मोठ्या कारखान्यालाही जमणार नाही असं आहे म्हणाल्या, चहा पाजला. बोटी दुसरीकडून मागवाव्या लागतील, हेही त्यांनी सरळ सांगितलं, मोसम थांबत नाही. त्यांचं बरोबरच होतं.

येताना कारंजा मागं पडल्यावर बाबांनी विचारलं.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय झालं असतं, बाबा?"

"पुढल्या बारीले मी तुले पुसलं तरी असतं."

पुढली बारी नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी पुन्हा वाशीमच्या शेडमध्ये जायला लागलो. दरवाजे, झाकणं, एखाद्या देवळाचा कळस. हात चांगला आहे म्हणून मालक खूश असतो. बोट टिनाच्या शेडमागं पालथी पडली आहे आणि तिच्याकडं बघायचं मी टाळतो.

त्यातून निभावलं असतं. दरवाज्यांनी माणूस मरत नाही. पण हिवाळ्यात बाबांनी मेथी पेरली आणि एका सकाळी मी दात घासत असताना ते मोटारीच्या खटक्याशी उभे राहून मला म्हणाले, "पाणी देऊ का?" मला वाटलं टोमणा आहे. मी चिडून काहीतरी बोललो. ते तसेच उभे राहिले. ज्या माणसानं पन्नासच्या वर पिकं नुसत्या मातीच्या रंगावरून पाणी देऊन वाढवली, तो माझ्याकडं बघत उभा होता आणि त्याला खरंच ठरवता येत नव्हतं. मला मेथीतलं काही कळत नाही. मी द्या म्हणालो. त्यांनी खटका दाबला. आता रोज तसंच चालतं. किती वेळ देऊ, कुठल्या वाफ्याला आधी देऊ, हेही विचारतात, आणि मी तोंडाला येईल ते सांगतो. मी त्यांना हजारदा म्हणालो की बाबा, तुम्हालाच कळतं, तुमच्या मनानं द्या. ते मान डोलावतात.

मागच्या आठवड्यात कामासाठी मला दोन दिवस वाशीमला राहावं लागलं. परत आलो तर पालक मान टाकून जमिनीला लागला होता. विहिरीत पाणी होतं. वीजही गेली नव्हती. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते, वाफ्यांकडं तोंड करून. मी धावत जाऊन खटका दाबला आणि त्यांना विचारलं की पाणी का दिलं नाही.

"तू नोहता ना घरी," ते म्हणाले.